गाळलेलं घासलेट

गैबी शिकलगाराच्या नजरेचं उभ्या कोल्हापुरात कौतुक होतं, आणि शेवटची दोन-तीन वर्षं तर जी नजर उरलीच नव्हती तिचंही कौतुक तसंच चालू होतं.

शाहू महाराजांचं राज्य होतं. राधानगरीला धरणाचे दगड चढत होते आणि गावात नाही नाही ती यंत्रं येऊ लागली होती. गैबीच्या बापाने जन्मभर तलवारींना धार लावली. गैबीच्या वेळेला तलवारी खुंटीवरच राहायला लागल्या, तेव्हा त्याने कुलपं धरली, मग दिवे धरले, आणि पितळी स्टोव्ह आले तसे स्टोव्हही धरले. दसऱ्याच्या आधी दरबारची हत्यारं घासायला यायची ती मात्र त्याच्याकडेच. पात्यावरची केसाएवढी चीर त्याला दिसायची. स्टोव्ह फुरफुरायला लागला की बायका तो पदराखाली घेऊन त्याच्या दुकानी यायच्या. गैबी त्याचं तोंड काढायचा, भोकात पिन फिरवायचा, तोंड आभाळाकडे धरून एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "साफ हाय." त्याने एवढं म्हटलं की बाई निर्धास्त घरी जायची.

मग दिव्याभोवती त्याला रंगीत कडी दिसायला लागली. सुरुवातीला त्याला वाटलं, काच घाण आहे. सगळ्या गावाच्या दिव्यांच्या काचा एकदम कशा घाण होतील, हे लक्षात यायला त्याला सहा महिने लागले. मिरजेच्या उरसाला जातो असं गल्लीत सांगून तो तिथल्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, "डावा गेलाय. उजवाही जाणार. लवकर यायला हवं होतं." गैबीने येताना उरसातले पेढे आणले आणि घरोघर वाटले. वाटताना दोन घरं चुकली, ती फातिमाने सांभाळून घेतली.

फातिमा म्हणजे त्याची बायको. ह्या गोष्टीची खबर तिच्याशिवाय कुणाला नव्हती. दुकानाच्या मागे पडदा होता, पडद्यामागे ती गहू निवडत बसायची. स्टोव्ह पेटला की ज्योत निळी असेल तर ती एकदा खोकायची, पिवळी असेल तर दोनदा. गल्लीत सगळ्या म्हणायच्या, फातिमाबीचा खोकला काय हटेना. कुणी अडुळशाचा काढा आणून द्यायची, कुणी आलं-मध. बिचारी सगळं प्यायची. काढा कडू जहर असतो, पण नाही कसं म्हणणार?

गैबीचं मागणं फार नव्हतं. येत्या दसऱ्याची हत्यारं घासून द्यायची आणि आपल्या हाताने दुकानाची फळी लावायची. आता पुरे, पुढच्या गल्लीतल्या पुतण्यांनी बघावं, असं आपल्या तोंडाने म्हणायचं. 'गैबीला दिसत न्हाय' असं दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

श्रावणात पेठ वडगावचा बापूसो दुकानात आला. गुळाचा मोठा अडत्या, जैन माणूस, मनाने चांगला, पण यंत्र दिसलं की त्याचा जीव त्यात अडकायचा. त्याने कोकणातल्या कुण्या साहेबाची जुनी वाफेची होडी घेतली होती. आठ माणसं बसतील एवढी होडी, मधे रांजणाएवढा बॉयलर. परवानगी काढून ती त्याने रंकाळ्यावर आणून ठेवली होती.

"गैबीचाचा," तो म्हणाला, "होडी हाय, पाणी हाय, सगळं हाय. आमची आक्का न्हाय."

आक्का म्हणजे त्याची आई, वय पंच्याहत्तर. ती आली नव्हती असं नाही. आली होती, बसली होती, होडी पाण्यात पुढे गेली होती. नावाडी आण्णाने बॉयलरखाली बाभळीचा ओंडका सारला आणि त्याच्या टोकातून वाळवी बाहेर पळाली. आक्काने ती दहा हातांवरून पाहिली. जन्मभर धान्य निवडलेली बाई ती. धान्यातला पोरकिडा हात लांब करून धरला की तिला जास्तच स्पष्ट दिसायचा.

"म्हणाली, 'थांबव. उतरते मी.' चाचा, मधल्या पाण्यात हो. कुठं उतरणार?" बापूसो सांगत होता. "त्यात चातुर्मास. पावसाळ्यात जीव न्हाय असं लाकूड आणू कुठनं? म्हणून म्हटलं, घासलेटावर चालवू. मोठा स्टोव्हच की तो. तुमी बसवून द्या. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाय. मी सगळं तुमच्या नजरेवर सोडतो."

पडद्यामागे फातिमा तीन-चारदा खोकली. निळीही नाही आणि पिवळीही नाही, असा तो खोकला होता.

"बघू की," गैबी म्हणाला.

तो गेल्यावर फातिमा बाहेर आली. "अजी, न्हाय म्हणायचं की."

"काय सांगून?"

ज्या माणसाने आयुष्यात कुठल्या स्टोव्हला नाही म्हटलं नाही, त्याने ह्यालाच नाही म्हटलं तर लोक विचारणार, का? आणि एकदा 'का' सुरू झालं की ते डोळ्यांपर्यंत यायला किती वेळ?

त्याने तीन स्टोव्हची तीन तोंडं एका नळीवर बसवली. नळीला पितळी टाकी जोडली, टाकीला हवा भरायचा पंप. पाहिलं तर काम सोपं होतं. पण ज्योत फार जवळ आली तर गार भांड्याला थडकून मरते आणि काजळी ओकते, फार लांब राहिली तर नुसती हवा तापवते. गैबीने बॉयलरचा तळ आणि तोंडं ह्यांत चार बोटं अंतर ठेवलं, आणि ती चार बोटं त्याच्या हातालाच होती, त्याला डोळे लागत नव्हते. अंगणात पाण्याच्या हंड्याखाली बर्नर लावून पाहिला. आधी वाटीत स्पिरिट पेटवून तोंडं तापवली, मग घासलेट सोडलं. तीन तोंडांनी सूर धरला. तो सूर गैबीने कान लावून ऐकला. ज्योत निळी असली की एकसारखा घूंऽऽ असा आवाज येतो. पिवळी झाली की तो फाटतो, ओलं कापड फडफडावं तसा. आतून फातिमा एकदाच खोकली, पण तिच्या आधी त्याला कळलं होतं.

"आता खोकू नगंस," तो तिला म्हणाला. "मला ऐकू येतंय."

होडीत बसवायला दोन दिवस लागले. बॉयलरखाली पालथं पडून, राखेत गाल टेकून काम करायचं होतं. तिथे डोळसालाही काही दिसत नव्हतं, त्यामुळे बऱ्याच दिवसांनी गैबी चार माणसांच्या बरोबरीला आला. हवा मिळावी म्हणून त्याने भट्टीच्या पत्र्याला बाजूने सहा भोकं पाडली. आण्णा काठावर बिडी ओढत बसला होता. लाकूड सारायचं त्याचं काम गेलं होतं, म्हणून त्याला राग होता.

"चाचा, वाफ लाकडाचीच बरी. घासलेटाच्या वासानं मासं मरत्यात."

"ह्या तळ्यातलं मासं खाणारा तूच एकटा. तुला काय?"

"म्हणूनच काळजी वाटतीया."

एक अडचण उरली होती. बॉयलरला वाफेचा जोर दाखवणारा काटा होता आणि तो गैबीला दिसणार नव्हता. त्याने त्यावरही तोड काढली. आण्णाला म्हणाला, "बॉयलरला दोन माणसं लागत्यात. एक विस्तवाकडं, एक काट्याकडं. तू काटा बघायचा आणि मोठ्यानं सांगायचं. रिवाज हाय तसा." असा काही रिवाज नव्हता. पण आपल्यालाही काम मिळालं म्हणून आण्णा खूश झाला. त्याला आकडे येत नव्हते, म्हणून तबकडीवर त्याने आपली नावं ठेवली. खालच्या अंगाला 'गार', मधल्या जागेला 'चहा', आणि वर तांबडी रेघ होती तिथे 'सावध'.

झालं. ज्योत कानांनी, काटा आण्णाच्या तोंडाने, बाकी सगळं हातांनी. गैबीने सगळं मोजून बघितलं. डोळ्यांची गरज कुठेच उरली नव्हती. अनंत चतुर्दशीनंतरचा दिवस ठरला. तिथून दसरा साडेतीन आठवड्यांवर होता.

त्या दिवशी सकाळचं ऊन चांगलं पडलं होतं. बापूसो जरीची टोपी घालून आला होता. फातिमा घाटाच्या वरच्या पायरीवर बुरखा सावरून उभी होती, कारण होडीत तिला यायला काही निमित्त नव्हतं. आक्का पांढऱ्या लुगड्यात, काठी टेकत आली आणि सगळ्यांत आधी तिने काय केलं असेल, तर घासलेटाच्या डब्याचं झाकण काढलं. आत दोन पतंग मरून तरंगत होते.

"ह्यो काय प्रकार म्हणायचा, बापू?"

"आक्का, ते रात्री पडलं असतील. मेल्यात ते."

"ह्यात जिते न्हाईत कशावरनं? ह्याचा जाळ करायचा न्हवं?"

तिने पिशवीतून गाळणं काढलं. त्या घरात पाणी गाळल्याशिवाय कधी चुलीवर चढलं नाही, आणि ज्याचा जाळ करायचा ते तरी मग कसं न गाळता वापरायचं? तिच्या परीने ते बरोबरच होतं. बॉयलरचं पाणीही तिने गाळलं आणि कापडावर राहिलेलं अलगद परत तळ्यात सोडलं. मग टाकीच्या तोंडावर कापड धरून आण्णाकडून घासलेट ओतून घ्यायला लागली.

गैबीला धार ऐकू आली. बारीक, मऊ, अंगातलं पाणी निथळावं तशी.

"काय चाललंय, आक्का?"

"गाळतीया."

"कापड जुनं हाय का नवं?"

"कोरं हाय. दुहेरी. तुझ्या यंत्रासाठी मुद्दाम काढलंय."

कोरं कापड धुतल्याशिवाय वापरलं की तंतू सोडतं, आणि बर्नरचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. चार-पाच तंतू एकत्र झाले की संपलं. गैबी हळू म्हणाला, "आक्का, नव्या कापडाचं धागं सुटत्यात. भोकात अडकतील."

"मग बघ की. तुझ्या नजरेला न्हाय दिसलं तर कुणाच्या दिसणार?"

सगळे थांबले. आण्णाने डबा खाली ठेवला. गैबी वाकला. टाकीच्या तोंडाशी डोळा नेला. त्याला तिथे करडं धुकं दिसलं, जे आभाळात दिसायचं, फातिमाच्या चेहऱ्यावर दिसायचं, तेच. घासलेटाचा वास मात्र चांगला आला. त्याने एका माणसाने नीट बघायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ तिथे काढला. वरच्या पायरीवर फातिमा काही बघू शकत नव्हती, इतकी ती लांब होती.

"साफ हाय," तो म्हणाला.

स्पिरिट पेटलं, तोंडं तापली, घासलेट सोडलं. घूंऽऽ. तिन्ही तोंडांचा एकच सूर. अर्ध्या तासाने आण्णा ओरडायला लागला, "गार. गार. चहा होतोय. चहा." बापूसोने शिट्टी वाजवली आणि घाटावरच्या म्हशी पाण्यातून बाहेर पळाल्या. होडी निघाली. धूर नाही, राख नाही. आक्का काठी मांडीवर घेऊन गैबीच्या समोरच बसली होती. संध्यामठाकडे बघून म्हणाली, "बरं वाटतंय की रं." बापूसोच्या डोळ्यांत पाणी आलं. गैबीला ते दिसलं नाही, पण त्याने नाक ओढलेलं ऐकू आलं.

गैबी एका कानाने सगळ्यांचं ऐकत होता, दुसरा कान त्याने बॉयलरखाली लावून ठेवला होता. जवळजवळ अर्धं तळं पार झालं. मग मधल्या तोंडाचा सूर एकदा अडखळला. परत लागला. परत अडखळला. गैबीने पंपाचे चार हात जास्त मारले. इतर कुणाला काही कळलं नव्हतं. त्यानं मनात म्हटलं, घाटापर्यंत. नुसतं घाटापर्यंत.

मधलं तोंड गप्प झालं. उजवं फडफडायला लागलं, ओल्या कापडासारखं.

"चहा," आण्णा म्हणाला. मग, "गार. चाचा, गार व्हायला लागलं."

काजळीचे फुलोरे भट्टीच्या भोकांतून बाहेर पडून आक्काच्या पांढऱ्या लुगड्यावर बसले. बापूसो म्हणाला, "चाचा, काय झालं? ज्योत कशी हाय बघा की."

आता काय करायचं असतं ते गैबीला माहीत होतं. हवा सोडायची, विझवायचं, तोंड गार होऊ द्यायचं, काढायचं, पिन घालायची. त्याने हवा सोडली. तोंड गार होईपर्यंत त्याच्या हातांना धीर धरवला नाही. फडक्यातून पाना लावून मधलं तोंड काढताना दोन बोटं तापल्या पितळेला चिकटली. होडी आपोआप संथ झाली. पाणी बाजूने चुबूक-चुबूक करत होतं. त्याने पिन भोकात घातली, फिरवली, ओढून काढली. तोंड आभाळाकडे धरलं, एक डोळा मिटला. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. दुसऱ्या हातात पिन तशीच होती.

आक्का त्याच्याकडे बघत होती.

"गैबी," ती म्हणाली, "त्या पिनला काय हाय?"

"कायबी न्हाय, आक्का. साफ हाय."

पिनच्या टोकाला बोटभर पांढरा तंतू लोंबत होता. वाऱ्याने हलत होता. आण्णाला दिसत होता, बापूसोला दिसत होता. होडीत एवढी शांतता झाली की गैबीने मान वळवली, एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि त्याला कळलं.

"चाचा…" बापूसोने तोंड उघडलं.

"बापू, गप," आक्का म्हणाली. तिने हात लांब करून तो तंतू पिनवरून काढला आणि मांडीवर ठेवला. "कधीपासनं?"

"तीन वर्सं झाली असतील."

"आणि मघाशी टाकीत वाकून काय बघितलंस?"

"वास घेतला," गैबी म्हणाला.

आण्णाने उठून वल्ही काढली. 'गार' म्हणायचं त्याने बंद केलं होतं.

"माझ्या कापडाचा दोष त्यो," आक्का म्हणाली. "मी धुऊन आणायला पायजे हुतं."

"न्हाय, आक्का. कापड कुठं म्हणालं साफ हाय?"

आण्णा वल्हवत होता. बर्नर अजून कोमट होता आणि घासलेटाचा वास सगळ्यांच्या अंगाला लागला होता. परतीच्या वाटेवर गैबीने ते तोंड मुठीत घट्ट धरून ठेवलं. कुणी मागितलं नाही, त्यानेही दिलं नाही. घाटावर उतरताना आण्णाने त्याचा हात धरला. जाताना त्याने धरला नव्हता. वरच्या पायरीवरून फातिमाने तो धरलेला हात पाहिला, आणि तिला काही सांगावं लागलं नाही.

होडीत कुणी वाईट नव्हतं. बापूसोने कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आण्णानेही ठरवलं होतं. पण अशी गोष्ट सांगावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी एक बाई स्टोव्ह घेऊन आली आणि दुकानासमोरून न थांबता पुतण्याकडे गेली. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी. रस्त्यात लोक त्याला बाजूला घेऊन चालायला लागले. "चाचा, तुमी बसा." "चाचा, दगड हाय हितं." एवढ्या मायेने त्याच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि ती माया त्याला सोसत नव्हती. कुणी भांडलं असतं तर त्याला उत्तर देता आलं असतं.

फातिमाचा खोकला बंद झाला. शेजारणी म्हणाल्या, अडुळशाचा गुण आला.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी दरबारचा माणूस हत्यारं घेऊन आला. दारातच उभा राहिला. इकडचं तिकडचं बोलला, पावसाचं बोलला, मग म्हणाला, "डोळ्यांना जपा, गैबीभाई." आणि हत्यारांची मोळी परत खांद्यावर टाकून पुढच्या गल्लीत गेला. ती जाताना आतली पाती एकमेकांवर वाजली. एका पात्याची मूठ ढिली आहे, हे गैबीला आवाजावरून कळलं. सांगायला म्हणून तो उठला. मग बसला.

बापूसोने होडीतून बर्नर काढून घेतला. होडीला चार वल्ही केली. आक्का त्यात परत बसली की नाही, कुणास ठाऊक. बर्नर त्याने गैबीच्या घरी पाठवून दिला. मधलं तोंड त्यात नव्हतं, ते गैबीच्या खिशातच होतं.

दसऱ्यादिवशी दुपारी गावात बंदुकांचे बार झाले आणि मिरवणुकीची वाजंत्री गल्लीपर्यंत ऐकू यायला लागली. गैबी दुकानाच्या लावलेल्या फळीशी बसला होता. ती फळी पुतण्यांनी लावली होती. त्याने खिशातून ते तोंड काढलं, सवयीने पिन घातली, फिरवली, आभाळाकडे धरलं. एक डोळा मिटला. बराच वेळ तसाच धरून बसला.

आत, फळीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात, फातिमा गहू निवडत होती. तिचे हात थांबले. ती खोकली नाही.

"अगं," त्याने हाक मारली, "जरा बघ. साफ हाय का?"

इतक्या वर्षांत हे त्याने कुणाला विचारलं नव्हतं. ती बाहेर आली, त्याच्या हातातून तोंड घेतलं आणि उजेडाकडे धरून नीट बघितलं. आरपार आभाळाचा एक ठिपका दिसत होता.

"हाय," ती म्हणाली.